घोडामैदान, पण कुणाच्या अटीवर?

कॅन्टीनच्या टेबलावर हा वाद तुम्ही कधी ना कधी घातला असणारच. मेस्सी की रोनाल्डो? सचिन की विराट? चहा थंड होतो, लेक्चर बुडतं, आवाज चढतात आणि शेवटी कुणीतरी ‘जाऊ दे रे’ म्हणतं. यातले बरेच वाद मिटूच शकत नाहीत, कारण दोघांचा ऐन भराचा काळ वेगळा असतो. पण काही वाद मिटू शकतात. दोघंही त्याच काळातले, त्याच खेळातले, दोघंही फॉर्मात. समोरासमोर आणलं की दहा मिनिटांत निकाल! अशा वेळी आपण म्हणतो, घोडामैदान जवळच आहे.

गंमत अशी, की मैदान जवळ असूनही घोडे तिथे पोहोचतच नाहीत. कारण घोड्याला मालक असतो.

आज खऱ्या घोड्यांची आणि खऱ्या मालकांचीच गोष्ट सांगायची आहे. रेस म्हटलं की घरात भुवया उंचावतात, महालक्ष्मी आणि पैसे लावणं एवढंच डोळ्यांसमोर येतं, हे मला ठाऊक आहे. ते पैसे लावणं आपण बाजूला ठेवू. मला रस आहे तो शर्यतीआधीच्या बोलण्यांमध्ये. ज्या शर्यतीला पुरती दोन मिनिटंही लागली नाहीत, ती जुळवायला वर्ष गेलं. आणि त्या वर्षभरात कोण नेमकं कशाला घाबरतं, हे शर्यतीपेक्षा जास्त स्पष्ट दिसलं.

अमेरिका, १९३७. मंदीने लोकांचं कंबरडं मोडलेलं. त्या वर्षी वॉर ॲडमिरल नावाच्या घोड्याने तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच्या तिन्ही मानाच्या शर्यती, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट, जिंकून ‘ट्रिपल क्राऊन’ मिळवला. त्याचा मालक सॅम्युअल रिडल. पूर्वेकडचा, पंचाहत्तरी ओलांडलेला, जुन्या वळणाचा श्रीमंत. याच रिडलकडे पूर्वी मॅन ओ’ वॉर हा घोडा होता. २१ शर्यतींपैकी २० जिंकलेला! वॉर ॲडमिरल त्याचाच मुलगा. थोडक्यात, घराणं मोठं.

दुसरा घोडा सीबिस्किट. आखूड पायांचा, बेंगरूळ दिसणारा. पहिल्या १७ शर्यती हरलेला. दोन वर्षांचा असताना त्याला तब्बल ३५ वेळा पळवलं गेलं होतं. १९३६ मध्ये चार्ल्स हॉवर्डने तो सुमारे ८ हजार डॉलरना घेतला. हा हॉवर्ड सॅन फ्रान्सिस्कोत सायकली दुरुस्त करता करता मोटारींचा बडा विक्रेता झालेला माणूस. त्याने घोडा टॉम स्मिथ नावाच्या अबोल ट्रेनरकडे आणि एका डोळ्याने दिसत नसलेल्या रेड पोलार्ड या जॉकीकडे सोपवला. वर्षभरात चित्रच पालटलं. १९३७ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक बक्षिसाची रक्कम सीबिस्किटने जिंकली, पण वर्षातला सर्वोत्तम घोडा ठरला वॉर ॲडमिरल.

आणखी एक मजा. सीबिस्किटचा बाप हार्ड टॅक हाही मॅन ओ’ वॉरचाच मुलगा. म्हणजे वॉर ॲडमिरल नात्याने काका आणि सीबिस्किट पुतण्या, आणि वयाने काका पुतण्यापेक्षा वर्षभर लहान! काका-पुतण्याची लढत म्हटल्यावर आपल्या महाराष्ट्राला वेगळं काही समजावून सांगायला नको.

आता सगळ्या देशाला एकच प्रश्न पडलेला : दोघांत भारी कोण? मग लावा शर्यत. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

कुठे पळायचं? रिडलला पूर्व किनारा सोडायचा नव्हता. हॉवर्ड पश्चिमेचा. सुरुवात कशी करायची? वॉर ॲडमिरलला स्टार्टिंग गेटच्या अरुंद कप्प्यात उभं राहणं अजिबात सहन होत नसे, म्हणून रिडल म्हणाला गेट नको. अंतर किती, वजन किती, तारीख कोणती, ट्रॅक ओला असला तर काय, घासाघीस संपेचना.

ही वजनाची भानगड काय, हे आधी समजून घ्या. हँडिकॅप प्रकारच्या शर्यतीत जो घोडा ताकदवान, त्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणजे लढत बरोबरीची होते. मार्च १९३८ मधल्या सांता अनिता हँडिकॅपमध्ये सीबिस्किटच्या पाठीवर १३० पौंड होते, स्टेजहँड नावाच्या घोड्यावर १००. साधारण साडेतेरा किलोंचा फरक. सीबिस्किट हरला तो फक्त नाकाच्या अंतराने. तेव्हा वजनाची अट म्हणजे नखरा नव्हे. अटींना अर्थ असतो. अट घालणारा प्रत्येक जण पळपुटा असतो, असं मला मुळीच म्हणायचं नाही.

मे महिन्यात एकदाचं जमलं असं वाटलं. न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कने १ लाख डॉलर लावले. त्या काळचे १ लाख! तारीख ठरली ३० मे. देशभर गाजावाजा झाला. आणि शर्यतीला आठवडा उरला असताना हॉवर्डने माघार घेतली. सीबिस्किटचे गुडघे दुखत होते.

विचार करा, काय बोलले असतील लोक. ऐनवेळी बरे गुडघे दुखले! घाबरला. हॉवर्डला हे ऐकून घ्यावं लागलं. जूनच्या अखेरीस मॅसॅच्युसेट्स हँडिकॅपमध्ये दोघं एकत्र पळणार होते. तिथेही सीबिस्किटच्या पायाला दुखापत आढळली आणि अगदी शेवटच्या घटकेला त्याला बाहेर काढलं. वॉर ॲडमिरल मात्र पळाला आणि चौथा आला. म्हणजे सीबिस्किटला उतरवलं असतं, तर कदाचित तो त्याच दिवशी जिंकलाही असता. तरी नाही उतरवलं.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल करायची आहे.

सेकंड इयरला मी आंतरमहाविद्यालयीन बॅडमिंटन खेळायचे. त्या वर्षी मी एकही मॅच हरले नव्हते. सेमीफायनलला समोर आली शेजारच्या कॉलेजची एक मुलगी. तीही एकही न हरलेली. आदल्या दिवसापासून दोन्हीकडच्या सरांची बोलणी सुरू. शटल पिसांचं की नायलॉनचं? कोर्ट नंबर एकवर की दोनवर? दोनच्या वरचा दिवा डोळ्यांवर येतो म्हणे. मी सरांना आणखी दोन-तीन हरकती सुचवल्या. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तसं मी अंगण मोजत बसले होते. आणि गंमत म्हणजे, त्यांच्या सरांनी एकेक करून सगळं मान्य केलं. पिसांचं शटल, हो. कोर्ट नंबर एक, हो. माझ्याकडे अटी उरल्या नाहीत.

मग माझा घोटा मुरगळला.

म्हणजे मुरगळला नव्हता. क्रेप बँडेज बांधलं, तीन दिवस नीट लक्षात ठेवून त्याच पायाने लंगडले. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. नोटिस बोर्डवर माझ्या नावापुढे ‘अपराजित’ तसंच राहिलं.

हॉवर्डने माघार घेतली आणि मीही घेतली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पण हॉवर्डने घोड्याचा पाय वाचवायला आपलं नाव खराब होऊ दिलं. मी नाव वाचवायला पायाचं निमित्त केलं. माझा एवढाच मुद्दा आहे आणि तो मला सगळीकडे लागू पडताना दिसतो : अट घालताना किंवा माघार घेताना विचारायचं, ही कुणासाठी? जो पळणार आहे त्याच्यासाठी, की बाहेर उभं राहून आपली पाटी जपणाऱ्यासाठी? घोड्यासाठी, की मालकासाठी?

पुन्हा १९३८ कडे येऊ. बेलमाँटचे १ लाख डॉलर जे करू शकले नाहीत, ते १५ हजारांनी केलं. बाल्टिमोरच्या पिमलिको रेसकोर्सचा कारभार तेव्हा आल्फ्रेड व्हॅंडरबिल्ट हा २६ वर्षांचा तरुण पाहत होता. त्याने फार पैसे लावले नाहीत. बक्षीस १५ हजार, तेही फक्त जिंकणाऱ्याला. शिवाय दोघा मालकांकडून ५-५ हजार अनामत, माघार घेतली तर ती गेली. बाकी त्याने काम केलं ते मध्यस्थाचं. या दोन माणसांना खरंच काय हवंय, ते ओळखलं. रिडलला गेट नको? ठीक, गेट नाही, घोडे चालत येतील आणि घंटेवर सुटतील. पिमलिकोचा स्टार्टर नको? दुसरा आणू. दोन्ही घोड्यांवर १२० पौंड. अंतर १ पूर्णांक ३/१६ मैल, म्हणजे साधारण १९०० मीटर. शेवटी न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर व्हॅंडरबिल्टने रिडलला गाठलं आणि सही होईपर्यंत सोडलं नाही, असं सांगतात. गंगेत घोडं न्हालं ते असं.

नीट पाहा, यातल्या महत्त्वाच्या अटी रिडलच्या आहेत. आणि मॅच रेस म्हणजे फक्त दोन घोड्यांची शर्यत. तिथे जो पहिल्यांदा झेपावतो, तोच बहुतेकदा जिंकतो, असं जाणकार मानत. वॉर ॲडमिरल सुरुवातीलाच वाऱ्यासारखा सुटायचा. सीबिस्किट आधी मागे राहून मग मुसंडी मारणारा. म्हणजे मैदान पूर्वेचं, सुरुवात रिडलच्या पसंतीची, शर्यतीचा प्रकारही त्याच्या घोड्याला सोयीचा. हॉवर्डने ‘हो’ का म्हटलं असेल?

कारण घोडा आता तंदुरुस्त होता. आणि घोड्याला अपाय करणारी यातली एकही अट नव्हती. अडचणीत येणार होता तो ट्रेनर. त्याने काय करायचं? तयारी! टॉम स्मिथने सुरुवातीच्या घंटेसारखी घंटा जुळवली आणि ती वाजली रे वाजली की सुसाट सुटायचं, हे सीबिस्किटला पुन्हा पुन्हा शिकवलं. पोलार्डचा पाय जूनमध्ये मोडला होता, म्हणून घोड्यावर बसणार होता त्याचा मित्र जॉर्ज वूल्फ. आदल्या रात्री वूल्फ अंधारात अख्खा ट्रॅक पायी फिरला आणि जमीन कुठे घट्ट लागते ते शोधून ठेवलं. हॉस्पिटलमधून पोलार्डने सल्ला दिला, की पुढे गेलास तरी मध्येच घोडा आवर, दुसऱ्याला शेजारी येऊ दे. आपला घोडा शेजारी कुणी आलं की पेटून उठतो.

१ नोव्हेंबर १९३८, मंगळवार. गर्दी आवरावी म्हणून मुद्दाम कामाचा दिवस निवडला होता, तरी सुमारे ४० हजार लोक आले. रेडिओवर अंदाजे ४ कोटी लोक ऐकत होते. त्यांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टही होते, असं सांगतात. आतल्या कडेची जागा वॉर ॲडमिरलला मिळाली, लोकांचा कौलही त्यालाच होता. दोनदा सुरुवात फसली. तिसऱ्यांदा घंटा वाजली आणि पुढे सुटला तो सीबिस्किट! पलीकडच्या सरळ पट्ट्यात वूल्फने ठरल्याप्रमाणे लगाम किंचित खेचला. वॉर ॲडमिरल शेजारी आला. काही क्षण दोघं खांद्याला खांदा लावून धावले. मग पुतण्या निघाला तो थांबलाच नाही. चार लेंथने विजय, वेळ १ मिनिट ५६.६ सेकंद, पिमलिकोवर त्या अंतराचा नवा विक्रम. त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा अर्थातच सीबिस्किट.

आता तुम्ही म्हणाल, ही तर सिनेमाची गोष्ट झाली. झालाच आहे त्यावर सिनेमा, २००३ मध्ये. म्हणूनच यापुढच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली, न झालेल्या शर्यतीची. २००९ मध्ये अमेरिकेत दोन घोड्या गाजत होत्या, रेचल अलेक्झांड्रा आणि झेन्याटा. रेचलचा मालक जेस जॅक्सन म्हणाला, कॅलिफोर्नियाच्या कृत्रिम ट्रॅकवर आमची घोडी पळणार नाही. झेन्याटाचा मुक्काम तिथेच. लोक वाट बघत राहिले. मग ओकलॉन पार्कने घोषणा केली : दोघी पळाल्या तर बक्षीस ५० लाख डॉलर, एप्रिल २०१०, मातीचा ट्रॅक. दोन्ही बाजूंनी होकार आला. पण आधीच्या महिन्यात रेचल एका शर्यतीत दुसरी आली आणि जॅक्सनने सांगितलं, आमची तयारी झालेली नाही. घोडीची स्थिती पाहून घेतलेला तो निर्णय रास्तही असेल. पण त्या दोघी एकमेकींसमोर कधीच आल्या नाहीत. २००९ चा किताब रेचलला, २०१० चा झेन्याटाला. दोघींचे चाहते आजही भांडतात आणि दोघांचंही म्हणणं खोडता येत नाही. ५० लाख डॉलरही घोडामैदान विकत घेऊ शकले नाहीत.

दुसरी गोष्ट झालेल्या शर्यतीची. ६ जुलै १९७५, बेलमाँट. रफियन नावाची घोडी, १० पैकी १० शर्यती जिंकलेली. समोर त्या वर्षीचा केंटकी डर्बी विजेता फूलिश प्लेजर. मादी विरुद्ध नर म्हणून देशभर हवा तापवलेली, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. सुरुवातीलाच रफियनच्या पुढच्या उजव्या पायाची हाडं मोडली. जॉकी थांबवत होता, तरी ती मोडक्या पायावर पळत राहिली. ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताना ती पडल्या पडल्या पाय झाडू लागली, जणू अजून शर्यतच चालू आहे. प्लास्टर फुटलं, पाय पुन्हा गेला. ७ जुलैला तिला मरण द्यावं लागलं. मोठ्या मॅच रेसची हौस त्यानंतर जवळपास संपली.

म्हणून ‘भिडा, काहीही झालं तरी भिडा’ असलं भाषण मी तुम्हाला देणार नाही. तसं भाषण देणारे तुमच्या आसपास भरपूर आहेत. तुमच्या मार्कांवर स्वतःच्या क्लासचं होर्डिंग उभारणारे, चुलतभावाच्या पॅकेजशी तुमचं पॅकेज लावून बघणारे. ते सगळे मालकांच्या कठड्यात दुर्बिणी घेऊन बसलेले असतात. घोडा मोडला तर पाय त्यांचा जात नाही. घोड्याला तर कुणी विचारतही नाही. तुम्हाला मात्र तोंड आहे, ‘आज नाही’ असं म्हणता येतं. जीव थकला असेल, मन ताळ्यावर नसेल, तर ऐन शर्यतीच्या दिवशीसुद्धा नाव मागे घ्या. लोक काहीबाही बोलतील. हॉवर्डलाही बोलले होते.

फक्त तो ‘आज नाही’ खरा असू द्या. कारण आपल्या बाबतीत एक पंचाईत आहे : घोडाही आपणच आणि मालकही आपणच. मुलाखतीला जायचं नाही कारण कंपनी ‘आपल्या लेव्हलची नाही’. एकांकिका स्पर्धेत उतरायचं नाही कारण परीक्षक ठरलेले असतात. आवडत्या विषयाच्या परीक्षेला बसायचं नाही कारण ‘यंदा तयारी झाली नाही’, आणि हे सलग तिसरं वर्ष. यातलं एखादं कारण खरं असेलही. तपासायचा एक सोपा उपाय मला त्या त्यांच्या सरांनी नकळत शिकवला. समजा, तुमच्या सगळ्या अटी समोरच्याने आत्ता मान्य केल्या. शटल तुमच्या पसंतीचं, कोर्ट तुमच्या पसंतीचं. तर तुम्ही खेळणार का? उत्तर ‘हो’ असेल, तर अटींसाठी जरूर भांडा. आणि पोटात गोळा येऊन नवी अट सुचायला लागली, तर समजा की मालक बोलतोय.

त्या सेमीफायनलच्या दिवशी ती मुलगी वॉर्मअप करून, रॅकेट हातात घेऊन कोर्ट नंबर एकवर वीस मिनिटं उभी होती. मी बाकावर बँडेज बांधून बसले होते. तिने येऊन विचारलं, ‘फार दुखतंय का?’ मी म्हटलं, ‘हो.’ ती माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन आली. त्या दिवशी ती जिंकली असती की मी, हे आता कुणालाच कळणार नाही. मी हरले असते, असं मला वाटतं. पण मला ते नुसतं वाटतंच, माहीत नाही.